गावकीचा टोप आणि सदफची वाटी

जिदहफ्स, बहरीन
शनिवार

तीर्थरूप आत्ये,

मी काल झोपले नाय, परवा पण झोपले नाय, हे आधी सांगते आणि मग तुझ्या पायांवर डोकं ठेवते, डाव्या गुडघ्याला धक्का न लावता. (हा कंस आत्येला वाचून दाखवायचा नाय. पत्र वाचणारे तुम्ही जे कोण असाल, अंगणवाडीच्या बाई, पोस्टमन, नायतर पत्र घेऊन आलेला रावजी, तुमच्यासाठी एकच नियम. कंसाबाहेरचं मोठ्यानं वाचा, कंसातलं मनात. आणि उजव्या कानाशी वाचा. डाव्यानं तिला ऐकू येत नाय, पण ती ते कबूल करत नाय.) झोप का नाय, तर संदेशची नोकरी टांगणीला लागलीये. नवऱ्याचं नाव घेते म्हणून रागावू नको, इथे सगळी दुनिया त्याला नावानंच हाक मारते, मी एकटीनं लाजून काय करू? तर उद्या रविवार. इथे आठवडा रविवारी सुरू होतो. उद्या संदेशला मालकासमोर उभं करणार आहेत, आणि मॅनेजरचं म्हणणं असं, की त्यानं सगळ्यांदेखत सांगावं, चूक माझी एकट्याची. तसं सांगितलं की नोकरी खलास. त्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा गेला, आणि त्याच्या व्हिसाला माझा नि आर्याचा बांधलेला आहे, एका दाव्याला तीन गुरं बांधावीत तसा. मग आम्ही तिघं बोचकी घेऊन तुझ्या पडवीत. तर तुला आधीच कळवते, पडवी झाडून ठेवू नको. आम्ही येत नाय.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा कसा आहे? चढण चढताना दम लागतो का? जेवतेस ना? काय जेवतेस? खोकला पावसात गेला होता की नव्हता? उशाला पाण्याचा तांब्या ठेवतेस ना? तुझा मोबाइल लागत नाय. एकदा भिजला तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला होता, तो तू अजून तिथेच ठेवला असशील. शेजाऱ्यांना फोन लावला असता, पण आर्यानं माझा फोन मोरीतल्या बादलीत सोडला आणि सगळे नंबर गेले. पोर दीड वर्षाची झाली, पाण्यात काय टाकू नि काय नको असं तिला झालंय. तर वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठव. एकेकाचं वेगळं.

(आता खरं कारण. नोकरीपायी मी एक रात्र जागले असते, दोन नाय. कंपनीतला गोंधळ रावजीनं, तो आमच्याच वाडीचा नि तिथेच गाडीवर आहे, आपल्या घरी सांगितला, तिथून तो शंभूला कळला. शंभू म्हणजे माझा थोरला भाऊ, देवरुखला टेम्पो चालवतो. आई गेल्यावर आम्हा दोघांना आत्येनंच वाढवलं. परवा त्याचा फोन आला. ‘पोरीला घेऊन निघून ये, तिकीट मी काढतो, तिथे काय ठेवलंय?’ मी म्हटलं, येणार नाय. तो म्हणाला, ‘लय शहाणी झालीस.’ मी म्हटलं, झालेच आहे. तो म्हणाला, ‘बरं, मग ऐक, आत्येला...’ आणि मी म्हटलं, परत फोन करू नको, आणि कापला. मुद्दाम कापला. लांब गेलेल्या मुलीला माघारी आणायची असली की आमच्याकडे हेच वाक्य बाहेर काढतात. माझ्या चुलत बहिणीला मस्कतहून आणली ती ‘आजीनं अन्न सोडलंय’ म्हणून, आणि ही रडत रडत दारात येते तर आजी ओटीवर लाडू वळत बसलेली. म्हणून मी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाय. शंभूनं परत फोन केला नाय. तो पण आत्येच्याच हातचा वाढलेला आहे. आता ‘आत्येला’च्या पुढे काय होतं? आत्येला विचार? आत्येला चष्मा लागलाय? आत्येला दवाखान्यात... मी दोन दिवस ते वाक्य नाना तऱ्हेनं पुरं करून बघतेय. शंभूचा नंबर मला पाठ आहे. बोटच पुढे होत नाय.)

असो. मी घाबरलेली नाय. आता संदेश करतो काय ते तुला एकदा नीट सांगते, कारण वाडीत सगळ्यांना वाटतं तो एसीत बसून टाइपिंग करतो. त्याची कंपनी मनाम्यात आहे, ती जेवण पुरवते. कुठे बँकेतल्या साहेबांच्या मीटिंगला, कुठे अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्याजवळ कामगारांचे कॅम्प आहेत तिथे. ऑर्डर येते कॉम्प्युटरवर, आणि तो कॉम्प्युटर चालता ठेवणं हे संदेशचं काम. ऑर्डरी साठतात त्याला डेटाबेस म्हणतात. ती कोठी समज. कोठीत कुणी सरळ हात घालायचा नाय. आत काही ठेवायचं, बाहेर काही काढायचं, तर भांडं घेऊन जायचं. त्या भांड्याला म्हणतात सेशन. आणि भांडं देणारा जो असतो, त्याला म्हणतात कंटेनर. कंटेनर म्हणजे तू.

हसू नको. देवळामागच्या खोलीत गावकीची भांडी आहेत आणि किल्ली तुझ्या कमरेला. लग्नघरचा आचारी काय करतो? टोप कुठल्या कोनाड्यात आहे, परात कुठल्या फळीवर आहे, हे शोधत फिरतो का? तो नुसतं ओरडतो, ‘काशीबाई, भात घालायचाय!’ आणि तू बरोब्बर मापाचा टोप, झाकण, उलथनं काढून त्याच्या हातात देतेस. ह्याचंच कॉम्प्युटरात मोठं नाव आहे, डिपेन्डन्सी इंजेक्शन. इंजेक्शन ऐकून घाबरू नको, कुणाला टोचत नाय. ज्याला जे लागेल ते आयतं त्याच्या हातात द्यायचं, एवढंच. आणि परत घेताना? टोप राखेनं घासून, सुकवून आला पाहिजे. तू आतून हात फिरवतेस, वास घेतेस, आणि कडेला हळद दिसली की ‘मेल्यांनो, ही काय तुमची मोरी हाय?’ म्हणून आल्या पावली परत पाठवतेस. सेशनचं पण असंच असतं. एका ऑर्डरीला एक भांडं. काम झालं तर जे झालं ते कोठीत ठेवायचं. मध्येच बिघडलं तर सगळं ओतून द्यायचं, जशी चूल पेटवलीच नव्हती. काही झालं तरी भांडं रिकामं करून, धुऊन परत. अर्धवट आत ठेवायचं नाय. सगळंच वेगवेगळं लागतं असं पण नाय म्हणे. वाडीला तराजू एक असला तरी चालतो, त्याला कुणाचं अन्न चिकटत नाय. टोपाला चिकटतं. एवढं मला कळलं. (एवढंच कळलंय. पुढे काही विचारू नका.)

आता गोंधळ. संदेशच्या आधी तिथे जो होता, तो दुबईला निघून गेला. त्यानं भांडी घ्यायची सोय केली होती, परत द्यायची विसरला होता. दुपार झाली की सगळी भांडी बाहेर, कोठीसमोर रांग, आणि कॉम्प्युटर मुकाट. संदेश म्हणाला, सर, परत करायची तेवढी सोय करतो, थोडा वेळ द्या. मॅनेजर म्हणाला, वेळ कुणाला आहे, एकच भांडं ठेव, सकाळी काढ, दिवसभर सगळ्यांनी तेच वापरायचं. आत्ये, विचार कर. लोक टोप परत देत नाहीत म्हणून तू एकच टोप देवळासमोर मांडलास आणि सांगितलंस, आता सगळ्यांनी ह्यातच शिजवा. पूजेचा शिरा पण ह्यात, गटारीचं मटण पण ह्यात! संदेश म्हणाला, सर, हे बरं नाय. मॅनेजर म्हणाला, कर. संदेश म्हणाला, ओके सर. हे ‘ओके सर’ त्याला जन्मापासून आहे. कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला वाणी, सुटे पैसे म्हणून च्युइंगम देतो, त्याला पण ओके सर. मला एकटीला म्हणत नाय.

दोन-तीन आठवडे बरं चाललं. कॉम्प्युटर पळायला लागला, मॅनेजर खूश. आणि मग एका गुरुवारी बँकेतली एक मुलगी साहेबांच्या जेवणाची ऑर्डर भरायला बसली. चिमुकले सँडविच, काडीला टोचलेलं पनीर, असलं काहीतरी. तिला कुणी हाक मारली, ती ऑर्डर अर्धी सोडून उठली. ती अर्धी ऑर्डर भांड्यात तशीच. मागून अस्करच्या कॅम्पवाल्यानं त्याच भांड्यात आपली ऑर्डर घातली आणि बटण दाबलं. एका टोपात दोन घरची जेवणं ढवळून निघाली. पदार्थ ह्याचे, पत्ता त्याचा. मग बँकेची मुलगी परत आली, तिनं पण दाबलं, आणि उरलेलं उलटं झालं.

पुढचं रावजीनं डोळ्यांनी बघितलंय, त्याला विचार, गाडी तोच चालवत होता. (रावजी, तूच वाचत असलास तर वाढवून सांगू नको.) अंडाकरीची ही मोठाली पातेली आणि चपात्यांचे गठ्ठे घेऊन तो बँकेच्या काचेच्या दाराशी. दारवान हात हलवतोय, ‘मफी, मफी,’ इथे असलं काही नाय. रावजी म्हणतोय, कागदावर इथलाच पत्ता आहे. शेवटी पातेली लिफ्टनं वर गेली. गालिचा, टायवाले साहेब, आणि मध्ये अंडाकरी. ताटं नाहीत, कारण कॅम्पवाल्यांची ताटं आपापली असतात. मग चहाच्या बशा काढल्या. एक म्हातारे बहरीनी साहेब होते, त्यांनी बाही वर केली, चपाती मोडली, आणि दुसऱ्यांदा वाढ म्हणाले. बाकीच्यांनी बघितलं ते खातात, मग सगळेच बसले. रावजी म्हणतो, लग्नाच्या पंगतीत वाढावी तशी मी करी वाढली. आणि तिकडे अस्करला पाळी संपवून आलेली माणसं हातात काडीवरचं पनीर धरून उभी. एकजण म्हणाला, ‘ह्यानं दात कोरायचे की पोट भरायचं?’ इथवर मी पण हसले. पण ती माणसं त्या दिवशी उपाशी राहिली आत्ये. संदेशला ते कळल्यावर तो घरी येऊन ताटावर बसला नि तसाच उठला.

आता सदफची गोष्ट. सदफ म्हणजे समोरच्या दारातली, हैदराबादची, माझ्याएवढीच. आमची वाट्यांची देवाणघेवाण असते. मी तिला आमटी देते, ती वाटी परत करते तेव्हा आत काहीतरी असतंच. तूच शिकवलंस ना, शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये? तिच्या आईनं पण तिला तेच शिकवलंय. तर बुधवारी संदेश स्वयंपाकघरात भांडी मांडून मला सेशन समजावत होता. खरं तर स्वतःलाच समजावत होता, उद्या काय बोलायचं ते. ‘हे बघ विशाखा, भांडं परत आलं की रिकामं पाहिजे, रिकामं!’ तेवढ्यात सदफ आली. हातात माझी वाटी, वाटीत खीर. संदेशनं खीर बघितली आणि कपाळावर हात मारून ओरडला, ‘हेच! हेच चुकलं! आधीच्याचं आतच राहतं!’ सदफ दारातूनच म्हणाली, ‘क्या गलत हुआ भाई? शक्कर कम पड़ी क्या?’ संदेश म्हणाला, ‘नहीं, बर्तन खाली चाहिए था.’ बस. सदफचा चेहरा असा झाला जसा कुणी तिच्या आईला बोललं. ‘खाली बर्तन कैकू लौटाऊँ मैं? हमारे घर में खाली नक्को देते.’ आणि खीर घेऊन परत गेली. वाटीसकट. माझी वाटी!

मी संदेशला म्हटलं, अहो, गावकीचा टोप वेगळा आणि शेजारणीची वाटी वेगळी. टोप रिकामा द्यायचा, वाटी भरून द्यायची, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोराला कळतं. तुमच्या कंपनीनं टोपाची वाटी केली आणि तुम्ही आता वाटीचा टोप करताय. (मग मी भाकऱ्या घेऊन सदफकडे गेले. ती रडत होती, पण खिरीसाठी नाय. तिचा नवरा दोन महिने सौदीला आहे आणि ती एकटी असते. मग मी पण रडले. वाटी तिच्याकडेच राहिली.)

संदेशबरोबर श्रावस्ती म्हणून एक मुलगी काम करते, नागपूरची, फार हुशार आणि तोंडानं फटकळ. ती त्याच संध्याकाळी घरी आली, दोघं लॅपटॉप घेऊन बसले आणि सगळं धड केलं. आता प्रत्येक ऑर्डर आली की कंटेनर तिला नवं भांडं देतो, ऑर्डर संपली की आपणच परत घेतो, बरं झालं असो की वाईट. कुणाच्या आठवणीवर सोडलेलं नाय. श्रावस्तीनं मुद्दाम अर्धी ऑर्डर सोडून बघितली, मागून दुसरी घातली, दोन्ही वेगळ्या राहिल्या. मग ती संदेशला म्हणाली, ‘काम तर झालं जी. पण रविवारी तुम्ही पुन्हा ओके सर म्हणसान न. काहून बोलत नाही तुम्ही?’ संदेश म्हणाला, ‘बघू.’ मी चहा देत होते. ते ‘बघू’ ऐकलं आणि तिथेच ठरवलं, आता मीच जाते.

आणि म्हणून आत्ये, गुरुवारी मी आर्याला कडेवर घेतलं, बस धरली आणि मनाम्याला त्याच्या ऑफिसात गेले. संदेशला न सांगता. होय, गेले. एकटी. ह्या देशात मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे एकटी गेले नव्हते. (पदराखाली सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, इतकं घट्ट धरलं होतं की तळव्यावर वळ उठला. वाटत होतं, कुणीतरी ते मागेल आणि म्हणेल, आता हे चालत नाय.) तिथल्या मुलीनं विचारलं, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, मॅनेजर को. मॅनेजर आला. हातात घड्याळ, दर वाक्याला त्यात बघतो. मी रात्रभर हिंदी जुळवून ठेवली होती, ती सगळी आर्याच्या रडण्यात वाहून गेली. जे तोंडाला आलं ते बोलले. ‘साहब, एकही बर्तन में सबका खाना पकाएंगे तो ऐसाच होएंगा. बर्तन धोने का. धोके वापस देने का. आप बोला एकच रखो, धोने का टाइम नहीं है. ये अच्छा बात है क्या?’

आता तू सांग, जेवण पुरवणाऱ्या कंपनीत उभं राहून हे बोलल्यावर काय होणार? मॅनेजर पांढरा पडला. बाजूला दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनी हातातले नमुन्याचे समोसे खाली ठेवले. कुणीतरी धावत खाली गेलं, आणि किचनचे उस्ताद झारा हातात घेऊन वर आले. ‘कौन बोला मेरा बर्तन गंदा? कौन बोला?’ मी म्हटलं, आपका नहीं, कॉम्प्युटर का बर्तन. ते म्हणाले, ‘कॉम्प्युटर में बर्तन होता है?’ मी म्हटलं, होता है, मेरे आदमी को पूछो. उस्ताद म्हणाले, चल बेटी, नीचे चल, एक एक पतीला सूँघ के देख. आणि मला खरंच खाली न्यायला लागले. गिऱ्हाइकं उठली. आर्यानं तेवढ्यात मॅनेजरच्या पाण्याच्या ग्लासात त्याचा पेन सोडला.

आणि दार उघडून संदेश आला. मला बघितलं, पोरीला बघितलं, उस्तादांचा झारा बघितला. मला वाटलं, आता हा म्हणणार ओके सर, सॉरी सर. (डोळे मिटून घेतले होते मी.) तो म्हणाला, ‘उस्ताद, आपका किचन साफ है. गंदा मेरा प्रोग्राम था.’ मग मॅनेजरकडे वळला. ‘सर, मैंने बोला था एक मत रखो. आपने बोला रखो. मैंने ओके बोला, वो मेरी गलती. उतनी मेरी. बाकी आपकी.’ आवाज चढवला नाय, खाली पण घातला नाय. ग्लासातून पेन काढला, शर्टाला पुसला आणि मॅनेजरला दिला. मॅनेजरनं घड्याळात बघितलं आणि म्हणाला, ‘संडे. मालिक के सामने. क्या बोलना है, सोच के आना.’

घरी येताना बसमध्ये संदेशनं आर्याला मांडीवर घेतलं. मग जिदहफ्सचा स्टॉप आला तेव्हा म्हणाला, ‘उस्तादांनी पातेली हुंगायला लावली असती तर हुंगली असतीस?’ मी म्हटलं, सगळी. मग हसला. लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्यावर असा मोठ्यानं हसला, आणि मला राग आला नाय.

तर असं आहे. उद्या काय होईल ते होवो. मी त्याला सांगितलंय, जेवढी तुमची आहे तेवढीच चूक म्हणा, वरचा एक शब्द नको. नोकरी गेली तर श्रावस्ती म्हणते दुसरीकडे बघू. ह्या दोन खोल्यांत मी संसार मांडलाय, खिडकीत तुझ्या बियांची मिरची लावलीये, तिला एक फूल आलंय. कुणी कितीही तिकिटं काढली तरी मी इथून हलणार नाय. कुणी माझ्यापुढे आजारपणाचं नाटक केलं तरी हलणार नाय. हे शंभूला पण कळव.

वाडीतल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. फणसाखाली कुणाला गाडी लावू देऊ नको.

तुझी,
विशाखा

ता. क. रविवार दुपार. संदेशचा फोन आला. नोकरी गेली नाय! मालकांनी दोघांचं ऐकलं आणि एकच विचारलं, आता कुणाचं जेवण कुणाच्या घरी जाणार? संदेश म्हणाला, ज्याचं त्याच्या घरी. मालक म्हणाले, मग यल्ला, कामाला लागा. पण पुन्हा एक जरी पातेलं चुकलं तर मॅनेजर आणि संदेश दोघंही खलास, असं वर सांगितलंय. मॅनेजरनं पहिल्यांदाच घड्याळात बघितलं नाय म्हणे. आणि ऐक, त्या बँकेतल्या म्हाताऱ्या साहेबांनी दर गुरुवारी अंडाकरी सांगितलीये. बशांसकट.

ता. क. २. सदफनं वाटी परत केली. रिकामी. घासून, पुसून, चकचकीत. म्हणाली, ‘तुम्हारे मियाँ को ऐसाच पसंद है ना?’ मी तिला तिथल्या तिथे घरात ओढलं, वाटी भरली आणि तिच्याच हातात परत दिली. आता ती वाटी कुणाची हे कुणालाच ठाऊक नाय.

ता. क. ३. (हे सगळं कंसात. इथून पुढे मोठ्यानं वाचू नका. वर लिहिलंय ना, मी हलणार नाय, घाबरलेली नाय? गुरुवारपासून पलंगाखाली बॅग भरून ठेवलीये. आर्याचे कपडे, तिघांचे पासपोर्ट, आणि आत्येसाठी घेतलेलं गरम पट्ट्यांचं पाकीट, गुडघ्याला बांधायचं. संदेशला पण दाखवली नाय. नोकरी गेली असती तर त्याच दिवशी निघायची सोय असावी म्हणून भरली, असं मी स्वतःला सांगत होते. नोकरी राहिली. मघाशी बॅग उपसायला बसले आणि एकही कपडा बाहेर निघाला नाय. तेव्हा कळलं ती कशासाठी भरली होती ते.)

ता. क. ४. (संदेश म्हणतो, सुरू केलेलं काम एकतर पुरं करून ठेवायचं, नायतर सगळं ओतून द्यायचं. अर्धं सोडलं की मागचे सगळे अडकतात. शंभूचं वाक्य मी अर्धं सोडलंय. ते ना पुरं होत, ना ओतता येत. माझ्या मागे सगळं अडकलंय, झोप पण. रावजी आज रात्रीच्या विमानानं तिकडे येतोय, हे पत्र त्याच्या हातात देते.

वाचणारे तुम्ही जे कोण असाल, आता नीट ऐका. आत्ये तुमच्यासमोर बसली असेल, ‘काय मेली लांबड लावलीन’ म्हणून हसत असेल, ‘कंसात काय लिहिलंन ते पण वाच’ म्हणून हट्ट करत असेल, तर तिला काही सांगू नका. पत्र तिच्या हातात द्या आणि अंगणात येऊन शंभूला फोन करा. आणि दाराला कडी असली, पडवी झाडलेली नसली, पत्र तुम्ही एकट्यानंच उभ्यानं वाचत असलात, तरी शंभूलाच फोन करा. नंबर पाकिटाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहिलाय. त्याला म्हणा, विशाखा येणार असं पण म्हणाली नाय, नाय येणार असं पण म्हणाली नाय. म्हणा, ती फोन हातात धरून बसलीये. ‘आत्येला’च्या पुढचं सांग, ह्या वेळी ती मध्येच कापणार नाय. तेवढा फोन करा हो. कराच.)